नऊ चौकोन

चाळणीबाईंनी पडद्यावरच्या नऊ चौकोनांवर नख टेकवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"इथे घर आहे?"

"होणार आहे," ती म्हणाली.

"कधी?"

तिने टेबलावरचा चहा उचलला आणि तो केव्हाच गार झाला आहे हे माहीत असूनही त्यावर फुंकर मारली.

चाळणीबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारे संस्थेत कुणी उरले नव्हते. बाहेर जाणारा प्रत्येक अहवाल गेली सव्वीस वर्षे त्यांच्या हाताखालून जात होता आणि त्यात खडा सापडला नाही असे क्वचितच घडे. आपल्याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होते आणि त्यांना ते आवडतही असावे. निवृत्तीला चार महिने राहिले होते, पण हात सैल पडला नव्हता.

समोर पडद्यावर होते ते खाडीचे मॉडेल. साडेतीन वर्षे खपून तिने ते उभे केले होते. खाडीचा सगळा काठ तीस-तीस मीटरच्या चौकोनांत कापलेला, आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे खारफुटीचे जंगल, चार म्हणजे बांधकाम. सात म्हणजे सखल मोकळी जमीन, जिथे आज पाणी शिरले तर उद्या गाळ साचेल आणि परवा झाडे येतील. मग समुद्र दर वर्षी काही मिलिमीटर चढवायचा, गोदामे आणि रस्ते किती पसरतील ते धरायचे आणि काळ ऐंशी वर्षे पुढे न्यायचा. असे चारशे वेळा, दर वेळी अंदाज थोडे बदलून.

चारशेपैकी अकरा वेळा जंगल टिकले होते. उरलेल्या तीनशे एकोणनव्वद वेळा ते बुडाले, आणि त्याच्याबरोबर मुळांच्या जाळीत वाढणारी माशांची पिल्ले, खेकडे आणि थंडीत दूरदेशाहून येऊन चिखलात चोच खुपसणारे पक्षी नकाशावरून पुसले गेले. कारण सरळ होते. पाणी चढू लागले की असे जंगल पिढी-पिढीने जमिनीकडे सरकते. झाड हलत नाही, पण त्याचे बी मागे जाऊन रुजते. इथे मागे जायला जागाच नव्हती. जंगलाला लागून मातीचा जुना बांध होता आणि बांधापलीकडे गोदामे, वसाहत आणि ह्या दोहोंच्या मधोमध हे नऊ चौकोन. त्यांच्या मागे लांबच लांब सखल पडीक जमीन होती, पण तिचे दार म्हणजे हेच नऊ चौकोन, आणि त्यांवर चार हा आकडा होता.

गुरुवारी किनारा समितीची सभा होती. जंगल टिकणारच नसेल तर बांध काँक्रीटचा करून त्यावरून रस्ता न्यायचा, असा प्रस्ताव होता. टिकणार असेल तर थांबायचे. समितीला अहवालातून एवढेच हवे होते.

"उपग्रहाच्या चित्रात इथे भिंत नाही की छप्पर नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षी नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

"जमीन माझ्या दादाची आहे. म्हणजे आमच्या बाबांची."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सात टाकून कधी चालवून पाहिलंस?"

"एकदा."

"किती आले?"

"दोनशे त्रेसष्ट."

तो निकाल तिने साठवलाही नव्हता. जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना चालवून पाहिला होता आणि पडदा हिरवा होताना दिसल्यावर सगळे बंद करून हात धुवायला निघून गेली होती. त्याला आठ महिने झाले होते. आकडा मात्र डोक्यातून पुसता आला नव्हता.

चाळणीबाई रागावतील असे तिला वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. सोमवारी सकाळी खरा आकडा टेबलावर हवा, एवढेच त्यांनी सांगितले आणि दारापाशी गेल्यावर वळून म्हणाल्या, "त्याआधी घरी जाऊन ये. घरच्यांना असलं काही सभेत कळू नये."

सुरुवात तशी गमतीतच झाली होती. मॉडेल अगदी नवे असताना ती सुट्टीला दादाकडे गेली होती आणि लॅपटॉपवर खाडी दाखवत होती. दादा धक्क्यावर बोटींची इंजिने दुरुस्त करायचा. यंत्रात काय चालते ह्याची त्याला भारी हौस. त्याने नाकाला पडदा लागेल इतके वाकून पाहिले आणि विचारले, "आपलं घर कुठाय ह्यात?" बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. खाऱ्या चिखलातून बाबांनी टोपल्या टोपल्या माती टाकून वर काढलेली ती दोन एकर जमीन. तिथे दादा घर बांधणार होता. तीन खोल्या, त्यातली खाडीकडची तिची. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या तिने त्या खोलीची खिडकी कागदावर काढूनही दिली होती. तेव्हा हसत हसत तिने त्या नऊ चौकोनांवर चार टाकला. "हे बघ, झालं घर." दादाने वहिनीला हाक मारून ते दाखवले होते.

पुढे मॉडेल मोठे होत गेले, हजारो आकडे बदलले, तपासले गेले. ते नऊ तसेच राहिले. दर वेळी त्यांच्यावरून नजर जाताना ती मनाशी म्हणे, होणारच आहे ना घर, मग काय बिघडले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे ते नऊ चौकोन तिला कुणी न विचारताच दिसत.

शनिवारी दुपारच्या बसने ती पोहोचली. दादा धक्क्यावरच्या टपरीत एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. तिला पाहून त्याने हनुवटीने स्टुलाकडे खूण केली.

"अचानक? कळवायचं तरी, चिमे."

सहजच आले, असे ती म्हणाली. बस वेळेवर होती का, वगैरे बोलणे झाले. संध्याकाळी वहिनी फेरीबोटीची तिकीटखिडकी बंद करून आली, तिघे जेवायला बसले आणि जेवण संपले तरी तिच्या तोंडून मूळ गोष्ट निघाली नाही. दादाही नेहमीपेक्षा गप्प होता. वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"हा इंजिनाशी तासन्‌तास बोलतो आणि माझ्याशी नुसता खोकतो," ती म्हणाली. "आता तूही त्याच्यासारखीच बसलीयस. भाऊ-बहीण शोभताय खरे."

सकाळी चहा पिताना तिने जमीन पाहायला जाऊ म्हटले. दादाने कप खाली ठेवला. तिथे काय बघायचेय, नुसता चिखल आहे, तुझे बूट खराब होतील, असे तो म्हणाला. मग दुपारी जाऊ म्हणाला. मग दुपारी एकाची बोट यायची आहे म्हणाला.

"जा घेऊन तिला," वहिनी आतून म्हणाली. "किती दिवस झाकून ठेवणार आहेस?"

ती चमकली. झाकून तर तिने ठेवले होते.

बांधावरून दोघे एकामागून एक चालत गेले. उजव्या हाताला ओहोटीने उघडी पडलेली जंगलाची मुळे होती, डाव्या हाताला खाली बाबांची जमीन. मीठ फुटून जागोजाग पांढरी झालेली. मधोमध चार खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांना बांधलेली सुतळी कुजून लोंबत होती. खुंट्यांच्या आत गुडघ्याइतका खोल खड्डा होता, आणि खड्ड्यात पाणी.

"दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाया खणायला घेतला," दादा म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता. "हातभर खणलं आणि पाणी लागलं. गवंड्यानं बोट बुडवून चाखलं, थुंकला आणि थापी धुऊन पिशवीत टाकली. तीन ट्रॉल्या दगड ओतले मी त्यानंतर. कुठे गेले कळलंसुद्धा नाही. भरती आली की हे भरतं, ओहोटी लागली की उतरतं. बांध धडधाकट आहे, पाणी खालून येतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

दादाने पायाने एक ढेकूळ फोडले.

"तू नकाशात घर काढलं होतंस. मी धक्क्यावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो, आमची चिमी सरकारी नकाशात आमचं घर दाखवते म्हणून. मग म्हटलं, बाबांचं सगळं गेलंच आहे, निदान त्या नकाशात तरी असू दे. तुझी खोली होती ना त्यात."

ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली. मग, पाण्याकडे पाहत, तिने सगळे सांगितले: तो चार, तो न साठवलेला निकाल, आठ महिने, चाळणीबाई, गुरुवारची सभा. सांगून झाल्यावर वर पाहिले, तर दादा तोंडावर हात ठेवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसतो आहे हे समजायला तिला क्षणभर लागले.

"म्हणजे तू माझ्यासाठी घर ठेवलंस आणि मी तुझ्यासाठी," तो म्हणाला. "आणि इथे राहतंय कोण, तर खेकडे."

मग तीही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात चिखलाचे होते.

खेकडे खरेच होते. खड्ड्याच्या भिंतींत त्यांची बिळे होती आणि पाण्याच्या कडेने वीतभर उंचीची रोपे उभी होती, प्रत्येकाला चार-सहा जाड चकचकीत पाने. खारफुटीची रोपे. तिने सवयीने मोजली, सतरा भरली. मोठ्या भरतीला बांधाच्या कोपऱ्यावरून थोडे पाणी ओसंडून येते, त्याबरोबर शेंगा येत असतील, असे दादा म्हणाला. पहिल्या वर्षी त्याने सगळी उपटून टाकली होती.

"आणि मग?"

"पुन्हा आली. मग मला कंटाळा आला."

तिने त्याला आकडे सांगितले. अकरा, आणि इथे बांध उघडला तर दोनशे त्रेसष्ट. त्याने ते यंत्रातल्या बिघाडाची तक्रार ऐकावी तसे ऐकले.

"चारशे वेळा दोरी ओढून अकरा वेळा सुरू होणारं इंजिन मी भंगारात देतो," तो म्हणाला. "पण दोनशे त्रेसष्ट म्हणजे तेही भरवशाचं नाहीच."

"नाहीच. पण दुरुस्त होण्यासारखं आहे."

जंगलाच्या बाजूने पक्ष्यांचा एक थवा उठला, हवेत वळला आणि पुन्हा चिखलावर उतरला.

"बाबांनी अख्खं आयुष्य पाणी बाहेर ठेवलं, चिमे. मी त्याला हात धरून आत आणू?"

जे खरे आहे ते मी लिहिणार, एवढेच ती म्हणाली. बांध उघडायचा की नाही ते तू ठरव, तू नाही म्हणालास तर समिती जबरदस्ती करू शकत नाही, आणि मीही करणार नाही. दादाने मान हलवली. ती मान होकाराची होती की फक्त ऐकल्याची, हे परतीच्या वाटेवर तिला विचारवले नाही.

निघताना ती तिकीटखिडकीपाशी थांबली. वहिनीने जाळीतून तिचा हात धरला.

"रोपं उपटायचा कंटाळा आला म्हणाला का तुला?" तिने विचारले. "दर रविवारी जाऊन पानं मोजून येतो. मला ठाऊक नाही असं त्याला वाटतं."

सोमवारी तिने चाळणीबाईंच्या टेबलावर नवा अहवाल ठेवला आणि मग विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. ते आवाज न चढवता बोलले, त्यामुळे जास्त लागले. तिची सहा वर्षांची नोकरी, संस्थेची पत, इतर अहवालांवर लोक आता काय म्हणतील, सगळे बोलून झाले. गुरुवारी दुसऱ्या कुणाला पाठवावे असे त्यांचे मत होते. चाळणीबाई मागून आत आल्या आणि म्हणाल्या, की चूक जिने केली तिनेच उभे राहून सांगितली तर लोक उरलेले आकडे मानतील. दुसऱ्याला पाठवले तर अजून काय काय दडले आहे ते शोधत बसतील. प्रमुखांनी बराच वेळ अहवाल चाळला आणि शेवटी ठीक आहे म्हणाले.

बाहेर आल्यावर बाईंनी तिला एकच दुरुस्ती सांगितली. झालेल्या चुकीची कबुली तिने शेवटच्या पानावर टाकली होती.

"पहिल्या पानावर आण," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पानावरची कबुली लपवल्यासारखी दिसते."

गुरुवारी सभागृह भरले होते. पुढे समितीचे सातजण, मध्ये अध्यक्षबाई. डावीकडे गोदामवाले आणि रस्त्याचे अभियंते, मागे मच्छीमार आणि वसाहतीतली माणसे. फळ्यावर खाडीचा मोठा छापील नकाशा टाचलेला होता. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. ह्या नऊ चौकोनांवर मी घर दाखवले होते, तिथे घर नाही, जमीन माझ्या भावाची आहे आणि हे मला माहीत होते. सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "घरचंच काम होतं म्हणा की." ती थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि पुढे बोलू लागली.

खरा आकडा टाकल्यावर काय दिसते ते तिने दाखवले. नऊ चौकोन मोकळे असले आणि बांध तिथे बारा मीटर उघडला, तर पाणी आणि गाळ मागच्या सखल जमिनीपर्यंत पोहोचतात आणि तीस-चाळीस वर्षांत जंगल बांध ओलांडून मागे सरकते. दोनशे त्रेसष्ट वेळा. एकशे सदतीस वेळा तरीही बुडते. हे तिने लपवले नाही. वसाहतीच्या बाजूने मातीचा नवा ठेंगणा बांध लागेल. जंगल राहिले तर लाटांचा जोर तेच घेईल.

एक मच्छीमार उठला आणि त्याने लहान मासळी पुन्हा येईल का म्हणून विचारले. येण्याची शक्यता आहे, ती म्हणाली, खात्री नाही. अभियंत्यांनी आकडे मागितले, ते तिने दिले. मग अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, "जमिनीचे मालक तयार आहेत?"

"त्यांनी अजून सांगितलेलं नाही."

"मग आज आपण चर्चा कशावर करतोय?"

मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. दादा कामाच्या कपड्यांतच आला होता. तो केव्हा येऊन बसला ते तिला दिसले नव्हते. रांगांमधून वाट काढत तो पुढे आला, कुणाकडे न पाहता फळ्यापाशी गेला आणि नकाशापुढे इतका वाकून उभा राहिला की मागच्यांना काही दिसेना. धक्क्यावर तो असाच इंजिनापुढे उभा राही, आणि अशा वेळी त्याच्याशी बोलायचे नसते हे निम्म्या सभागृहाला माहीत होते.

"हे भोक तू इथे का पाडलंयस?" त्याने विचारले.

"जमीन तिथे सगळ्यात सखल आहे. मॉडेलनं..."

"सखल आहे, पण चुकीचं आहे. इथून पाणी आत घेतलंस तर ओहोटीला परत जाताना ते गोदामांच्या पायाला घासत जाईल. दहा वर्षांत भिंत खाईल त्यांची." गोदामवाले सरसावून बसले. दादाने बोट नकाशावरून डावीकडे सरकवले. "इथे. बाबा दर वर्षी इथंच माती घालायचे. बाकीच्या बांधाला कधी हात लावावा लागला नाही. इतकी वर्षं पाणी इथूनच आत यायला मागतंय."

त्याने अध्यक्षबाईंच्या टेबलावरचा लाल पेन न विचारता उचलला. तिची खूण खोडली आणि डावीकडे, बांधाच्या जाड काळ्या रेघेवर, नव्या भोकाच्या दोन टोकांना दोन फुल्या मारल्या. मग मागे सरून पाहिले, पुन्हा पुढे झाला, उजवीकडची फुली खोडली आणि आणखी उजवीकडे मारली. पेन जागेवर ठेवला.

"ही तुमची संमती समजायची का?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"लिहून घ्या काय लिहायचं ते, मी सही करतो," दादा म्हणाला. "पण जरा लवकर. इंजिन उघडं टाकून आलोय."

लोक हसले. सचिव कागद शोधू लागले, अभियंते उठून फळ्याभोवती जमले, कुणी नव्या जागेची उंची विचारली. ती लॅपटॉप उघडून दादाच्या फुल्या मॉडेलमध्ये उतरवू लागली. त्यासाठी नेमके अंतर हवे होते, म्हणून तिने पट्टी घेतली आणि फळ्यापाशी जाऊन नकाशावर दोन फुल्यांच्या मध्ये धरली. प्रमाण लावून हिशेब केला, चुकला असेल असे वाटून पुन्हा केला.

तिने बारा मीटर मागितले होते. दादाने एकवीस दिले होते.